सोने शोधण्यासाठी मेटल डिटेक्टर: नवा घ्यावा की वापरलेला?

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नहून वायव्येकडे दोन-अडीच तास गाडी चालवली की डनॉली, टार्नागुल्ला, इंगलवुड, वेडरबर्न अशी लहान गावे लागतात. या पट्ट्याला ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. 1869 साली मोलियागुल येथे एका झाडाच्या मुळाशी, मातीखाली जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरवर, ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाचा गोळा सापडला आणि त्यातून सुमारे 72 किलो सोने निघाले. 1980 मध्ये किंगोवरजवळ सापडलेला 27.2 किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ तर मेटल डिटेक्टरनेच हाती लागला. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकीही काही जण आता सुट्टीच्या दिवशी या माळरानावर हिंडतात, आणि त्यांच्याकडून मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे यंत्र नवे घ्यावे की वापरलेले.

माझे उत्तर थोडक्यात असे आहे. वापरलेले यंत्र स्वतः हाताळून, जमिनीवर फिरवून तपासता येणार असेल तर ते घेण्यात काहीच कमीपणा नाही, आणि बहुतेक वेळा तोच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. तसे तपासता येणार नसेल, तर ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. मात्र नवे की जुने हे ठरवण्याआधी आपण कोणत्या जमिनीवर फिरणार आहोत हे ठरवावे लागते, कारण चुकीच्या तंत्राचे कोरे करकरीत यंत्र हे योग्य तंत्राच्या दहा वर्षे जुन्या यंत्रापुढे फिके पडते.

आधी जमीन, मग यंत्र

गोल्डन ट्रँगलची माती बऱ्याच ठिकाणी लालसर आणि लोहयुक्त आहे. कोकणातील जांभ्याची आठवण यावी अशी. अशा मातीत यंत्राला सोन्याआधी जमिनीचाच लोहांश ऐकू येतो. त्यातच लोहाचे प्रमाण अधिक असलेले सुटे दगड विखुरलेले असतात. त्यांना तिथे ‘हॉट रॉक’ म्हणतात, आणि ते नवख्याला दिवसभर खड्डे खणायला लावतात.

बाजारातील यंत्रे ढोबळमानाने दोन तंत्रांची असतात. पहिले व्हीएलएफ, म्हणजे एका ठरावीक वारंवारितेवर अखंड लहरी सोडणारे. सोन्यासाठीच्या व्हीएलएफ यंत्रांची वारंवारिता मुद्दाम जास्त ठेवलेली असते: गॅरेटच्या एटी गोल्डची 18 किलोहर्ट्‌झ, माइनलॅबच्या गोल्ड मॉन्स्टर 1000 ची 45, फिशरच्या गोल्ड बग 2 ची 71. ही यंत्रे हलकी आणि तुलनेने स्वस्त असतात, तांदळाच्या दाण्याहून लहान कणही पकडतात, आणि लोखंडी खिळा व सोने यांत काही प्रमाणात फरकही सांगतात. लोहयुक्त मातीत मात्र त्यांची खोली झपाट्याने घटते. दुसरे तंत्र पल्स इंडक्शनचे. हे यंत्र जमिनीत चुंबकीय स्पंद सोडते, थांबते आणि त्या विरामात परत येणारा क्षीण प्रतिसाद ऐकते; जमिनीचा प्रतिसाद लवकर विरत असल्याने लाल मातीतही ते खोलवर पोहोचते. त्याची किंमत मोठी असते, आणि खिळा, काडतुसाचे टोपण, सोने असे सगळेच खणून पाहावे लागते.

या दुसऱ्या तंत्रात दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे 1985 मध्ये स्थापन झालेल्या माइनलॅब कंपनीचा दबदबा आहे. वापरलेल्या यंत्रांच्या बाजारात तुम्हाला मुख्यतः त्यांचीच वंशावळ भेटेल: 1990 च्या दशकाच्या मध्यावर आलेली एसडी मालिका, त्यानंतरची जीपी, मग जीपीएक्स 4000, 4500, 4800 आणि 2010 मधील जीपीएक्स 5000, 2014 मधील घडी होणारी व पाण्यात चालणारी एसडीसी 2300, 2015 मधील जीपीझेड 7000 आणि 2021 मधील जीपीएक्स 6000. ही नावे ध्यानात ठेवावीत, कारण जाहिरातीत विक्रेता बहुधा नुसता ‘माइनलॅब’ असा शब्द लिहितो आणि त्या एका शब्दात वीस वर्षांचे अंतर दडलेले असू शकते.

लाल मातीच्या माळावरच फिरायचे असेल आणि खिशात नव्या व्हीएलएफ यंत्रापेक्षा थोडे जास्त पैसे असतील, तर नव्या व्हीएलएफऐवजी चांगल्या स्थितीतील वापरलेले जीपीएक्स घ्यावे, असे माझे मत आहे. उलट ओढ्याकाठच्या, कमी लोहाच्या जमिनीवर किंवा खडकांच्या भेगांत बारीक सोने शोधायचे असेल, तर नवे गोल्ड मॉन्स्टर घेऊन मोकळे व्हावे. या वर्गात नव्या-जुन्याच्या किमतीत फरक एवढा थोडा असतो की जुन्याची जोखीम पत्करण्यात अर्थ नसतो.

वापरलेल्या यंत्रात झिजते काय

डिटेक्टरच्या आतील विद्युत मंडल (सर्किट) सहसा लवकर बिघडत नाही. बाद होतात त्या कॉईल (दांड्याच्या खालच्या टोकाला असलेली, जमिनीवरून फिरवायची चकती), बॅटरी, केबल आणि जोडण्या.

कॉईल जमिनीला घासत, झुडपांना आपटत फिरते. तिच्याखाली प्लास्टिकचे एक संरक्षक आवरण असते. ते झिजणे चांगले लक्षण आहे, कारण ते झिजण्यासाठीच असते. पण त्याच्या आत साचलेली लाल माती वर्षानुवर्षे झाडली नसेल तर यंत्र विनाकारण कुरकुरते. खरा धोका असतो तो कॉईलमधून केबल बाहेर येते त्या जागी. तिथे केबल वाकून वाकून आतून तुटत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बॅटरीबाबत तर मी स्वतः ठेच खाल्ली आहे. माझे पहिले वापरलेले यंत्र मी दुसऱ्या राज्यातील एका गृहस्थाकडून, केवळ छायाचित्रे पाहून, कुरिअरने मागवले. यंत्र दिसायला स्वच्छ होते. डनॉलीजवळच्या रानात पहिल्याच दिवशी ते चाळीस मिनिटांत बंद पडले. लिथियम बॅटरी कित्येक उन्हाळे गाडीच्या डिकीत तापून निकामी झाली होती. विक्रेत्याने ‘आम्हाला तर एकदाही त्रास झाला नाही’ एवढेच उत्तर दिले. व्यवहार खासगी असल्याने पुढे काही करता आले नाही, आणि नव्या बॅटरीच्या खर्चाने माझी सारी बचत गिळली.

म्हणून वापरलेल्या यंत्राची किंमत ठरवताना त्यात एक नवी बॅटरी आणि एक कॉईल यांचा खर्च आधीच मिळवून पाहावा. ती बेरीज नव्या यंत्राच्या जवळ पोहोचत असेल, तर सौदा सोडून द्यावा. कॉईल कोणकोणत्या चालतात हेही पाहावे. एसडी, जीपी आणि जीपीएक्स 4000 ते 5000 यांच्या कॉईल साधारणतः एकमेकींच्या यंत्रांना चालतात. त्यामुळे व्हिक्टोरियातील मेरीबरोची कॉईलटेक किंवा नगेट फाइंडर या कॉईल बनवणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या-नव्या कॉईल सहज मिळतात, तर जीपीएक्स 6000 ला या जुन्या कॉईल बसत नाहीत. जुन्या मालिकेचे वापरलेले यंत्र घेण्याचा हा एक दुर्लक्षित फायदा आहे. एसडी मालिकेइतके जुने यंत्र घेत असाल तर मात्र त्याची दुरुस्ती आज कोण करते, सुटे भाग मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वी दुरुस्ती केंद्राला फोन करून विचारावे. काही जुन्या यंत्रांत खासगी कारागिरांनी आतील मंडल बदललेले असते. अशा यंत्राची कामगिरी मुळापेक्षा सरसही असू शकते, पण काम कोणी केले आणि तो कारागीर अजून ते काम करतो का, हे कळल्याखेरीज ते घेऊ नये.

विक्रेत्याच्या अंगणातली तपासणी

माझे दुसरे यंत्र, एक जीपीएक्स, मी एका निवृत्त शेतकऱ्याच्या अंगणात तपासून घेतले. तपासणीत अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला आणि त्या वयस्कर गृहस्थाला त्याचे काही वाटले नाही. उलट तपासू न देणारा विक्रेता हीच एक धोक्याची खूण समजावी.

जाताना बरोबर अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सुमारे चार गुंजांचा, सोन्याचा एक खडा प्लास्टिकच्या पत्त्यावर (कार्डावर) चिकटवून न्यावा. खडा नसेल तर माशांच्या गळाला लावतात तो शिशाचा बारीक मणी चालतो. अंगठी नेऊ नये. बंद वळ्याचा प्रतिसाद खड्यापेक्षा कितीतरी जोरकस असतो, आणि त्यावरून यंत्राची परीक्षा होत नाही. विक्रेत्याला बॅटरी पूर्ण भरून ठेवायला आधीच सांगावे. घरातील विजेच्या तारा, वायफाय आणि खिशातील मोबाईल हे सारे यंत्राच्या कानाशी गोंगाट करतात, म्हणून मोबाईल विमान अवस्थेत टाकून मोकळ्या जागी जावे.

यंत्र सुरू करण्यापूर्वी ते डोळ्यांनी नीट पाहावे. डब्याच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर ते उघडले गेले आहे. कॉईलच्या जोडणीतील पिना हिरवट किंवा वाकलेल्या नसाव्यात, कॉईलच्या कडेला डिंकाने बुजवलेली चीर नसावी, आणि बॅटरी कुठे फुगलेली दिसली तर पुढची तपासणी करण्याचेही कारण नाही.

मग यंत्र सुरू करून ‘थ्रेशोल्ड’ ऐकावा. तंबोऱ्याचा षड्ज जसा गाण्याखाली अखंड चालू राहतो, तसा हा मंद सूर यंत्र चालू असेपर्यंत कानात राहतो आणि त्यातला बारीकसा चढउतार म्हणजेच लक्ष्याची चाहूल असते. कॉईल हवेत स्थिर धरून हा सूर एकसारखा लागतो का ते पाहावे. नंतर एका हाताने केबल कॉईलजवळ हळूच वाकवावी आणि बोटाच्या पेराने कॉईलवर टिचक्या माराव्यात. सूर तुटला, उसळला किंवा फाटला तर कॉईल जाण्याच्या मार्गावर आहे. माझ्या त्या सौद्यात नेमके हेच झाले: केबल डावीकडे वाकवली की सूर क्षणभर गायब होई. गृहस्थाने स्वतःहून दुसरी कॉईल लावून दाखवली, तिच्यावर सूर निर्वेध लागला, आणि सदोष कॉईलची किंमत एकूण रकमेतून वजा झाली. यंत्र चांगले होते. छायाचित्रांवरून मात्र यातले काहीच कळले नसते.

पुढची पायरी ग्राउंड बॅलन्सची. लाल मातीचा, धातूरहित तुकडा शोधून त्यावर कॉईल वर-खाली करावी. यंत्राने काही क्षणांत जमिनीशी जुळवून घेऊन सूर पुन्हा स्थिर केला पाहिजे. अंगणात फक्त पांढरी वाळू असेल तर या कसोटीला अर्थ नाही, मग पाच-दहा मिनिटे चालत माळावर जावे. त्यानंतर खड्याचा पत्ता जमिनीवर ठेवून वरून कॉईल फिरवावी, प्रत्येक वेळी उंची थोडी वाढवत कुठे आवाज विरतो ते मोजावे, आणि मग तोच पत्ता बोटभर मातीखाली पुरून पाहावा. जीपीएक्समध्ये उथळ, लहान सोन्याचा आवाज बहुधा आधी चढतो व मग उतरतो, तर मोठ्या, खोल लक्ष्याचा आधी उतरून मग चढतो. हा फरक एकदा ऐकला की कान तयार होऊ लागतो, आणि तपासणीचा हा एक आनुषंगिक लाभच आहे.

या सगळ्यात यंत्र सतत चालूच ठेवावे. तासाभराने बॅटरीची पातळी किती घसरली, यावरून विक्रेत्याच्या शब्दापेक्षा जास्त कळते. शेवटी इअरफोनची जोडणी हलवून पाहावी आणि प्रत्येक बटण एकदा दाबावे.

नकली आणि चोरीचा माल

महागड्या यंत्रांच्या नकला निघतात, आणि त्या बाहेरून हुबेहूब असतात. जीपीएक्स 4500 आणि 5000 यांच्या चीनमध्ये बनलेल्या नकला आफ्रिकेतील सुवर्णक्षेत्रांत मोठ्या प्रमाणात विकल्या गेल्या आणि मूळ कंपनीला त्यांच्याविरुद्ध कायदेशीर लढाई लढावी लागली. तसा माल आंतरजालावरून कुठेही पोहोचू शकतो. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत ‘पेटीबंद’ यंत्र देणारा, भेटायला नकार देणारा आणि पैसे आधी मागणारा विक्रेता दिसला की तिथेच थांबावे. अनुक्रमांकाचे छायाचित्र मागवून तो क्रमांक कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा सेवा केंद्राकडून पडताळून घ्यावा, मूळ खरेदीची पावती पाहावी, आणि आपल्याला हाताने लिहिलेली का होईना पण विक्रेत्याचे नाव, तारीख, रक्कम व अनुक्रमांक असलेली पावती घ्यावी. अनुक्रमांक खरवडलेला असेल तर यंत्र चोरीचे समजावे.

नव्या यंत्राचे पैसे कशासाठी मोजायचे

नव्या यंत्रासोबत वॉरंटी येते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुकानातून, मग यंत्र नवे असो वा दुकानदाराने अदलाबदलीत घेतलेले जुने, खरेदी केल्यास ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यातील हमी लागू होते: वस्तू स्वीकारार्ह दर्जाची असलीच पाहिजे, आणि नसेल तर दुरुस्ती, बदली किंवा परतावा मागता येतो. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या वस्तूला दर्जाची ही हमी मिळत नाही. म्हणून ज्याला तपासणीचा आत्मविश्वास नाही पण कोऱ्या यंत्राइतके पैसेही नाहीत, त्याने दुकानातले वापरलेले यंत्र पाहावे. खासगी सौद्यापेक्षा ते थोडे महाग पडते, पण त्या जास्तीच्या पैशांत कायदा आपल्या बाजूला येतो. खासगी विक्रेता ‘वॉरंटी अजून बाकी आहे’ म्हणाला तर ती दुसऱ्या मालकाला मिळते का, हे कंपनीलाच विचारावे.

नव्या यंत्राची दुसरी बाजू शिकण्याची आहे. अनेक विक्रेते खरेदीनंतर प्रत्यक्ष रानात नेऊन यंत्र कसे फिरवायचे ते दाखवतात. जीपीएक्स 5000 वर सेटिंगची एवढी बटणे व पर्याय आहेत की एकट्याने ती उमगायला महिने लागतात, तर जीपीएक्स 6000 बरेचसे स्वतःच जमिनीशी जुळवून घेते. वजनाचाही विचार करावा. 6000 चे वजन सुमारे 2.1 किलो आहे आणि बॅटरी त्यातच आली, तर 5000 ची बॅटरी पाठीवरच्या पट्ट्यात वागवावी लागते. चाळिशी ओलांडलेल्या खांद्याला हा फरक दुपारपर्यंत कळतो.

आता हिशेब. समजा, नवे यंत्र 8,000 डॉलरला घेतले आणि तीन वर्षांनी 5,500 ला विकले, तर खर्च 2,500 झाला. वापरलेले 5,000 ला घेतले, त्यावर बॅटरी-कॉईलचे 900 घातले आणि 4,000 ला विकले, तर खर्च 1,900 झाला. वर्षाला वीस दिवस, म्हणजे तीन वर्षांत साठ दिवस फिरणाऱ्याला नवे दिवसाकाठी सुमारे 42 डॉलरला पडते, तर जुने सुमारे 32 ला. दहा डॉलरचा हा फरक जाता-येता लागणाऱ्या पेट्रोलपुढे किरकोळ आहे. वापरलेल्या यंत्राने वाचते ते मुख्यतः सुरुवातीला गुंतवावे लागणारे भांडवल. आणि वर्षातून दोनच दिवस जाणाऱ्याला दोन्ही गणिते तोट्याची आहेत. त्याने यंत्र भाड्याने घ्यावे. सोनेशोधाच्या गावांतील काही दुकाने डिटेक्टर भाड्याने देतात, आणि खरेदी करणाऱ्यानेही त्या मॉडेलवर आधी एक दिवस भाड्याने काढला तर पुढची मोठी चूक टळते.

वेळही पाहून घ्यावी. उन्हाळ्यात साप, कडक ऊन आणि वणव्यांची भीती यांमुळे बरेच जण यंत्र टांगून ठेवतात. माझ्या अनुभवात डिसेंबर-जानेवारीत विक्रेते घासाघीस ऐकून घेतात, तर हिवाळ्याच्या तोंडाशी भाव ताठ होतात.

भारतात नेण्याचा विचार असेल तर

गावाकडे यंत्र नेऊन नदीकाठी फिरवण्याचा विचार काही जण बोलून दाखवतात. तो करू नये. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवानगीविना खोदकाम करणे गुन्हा आहे, आणि खनिज शोधण्याचे परवाने 1957 च्या खाणकायद्याखाली दिले जातात. हौशी शोधकासाठी व्हिक्टोरियासारखी सोय तिथे नाही.

व्हिक्टोरियातही ‘मायनर्स राइट’ हा परवाना काढल्याशिवाय यंत्र बाहेर काढू नये. तो दहा वर्षे चालतो. त्यावर हातातील अवजारांनीच खणता येते, बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत जाता येत नाही आणि खासगी जमिनीवर मालकाची संमती लागते.

यंत्र घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच ते दिवसभर रानात चालवावे, कारण दोष निघाला तर दुकानाशी किंवा विक्रेत्याशी बोलण्याची बाजू तेव्हाच भक्कम असते. अनुक्रमांक वहीत नोंदवून घरविम्याच्या कागदांत ठेवावा. बॅटरी डिकीत ठेवून येऊ नये, ती घरात आणावी. आणि पहिला खड्डा खणला की, आत खिळा निघो वा सोने, माती पुन्हा लोटून पायाने दाबून मगच पुढे सरकावे.